चढ कुठल्या बाजूला

ऊस तुटून गेला की शेजारच्या रानात पाचट पेटवतात, आणि तो धूर नाकात गेला की मला माहेरचा वणवा आठवतो. माझं माहेर मलकापूरकडं डोंगरात, सासर वारणाकाठी सपाटीला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं माहेरी गेलतो, आणि भर दुपारी खालच्या अंगाला डोंगर पेटला. जनावरांची वर्षाची वैरण, गवताची गंजी, वर माथ्यावर रचलेली. आमच्या मालकांनी मूठभर माती उडवून बघितली. म्हणाले, "वारं तिकडं हाय, इकडं काय येत न्हाय." उसाच्या फडात तसंच असतं की, आग वाऱ्यामागं पळते. माझा थोरला भाऊ हसला, "पावणं, हितली आग डोंगर चढती." मी पदर खोचला आणि गंजीभोवतीचं गवत आपल्या हातानं पेटवलं. "खुळी का काय तू?" मालक ओरडले. पण आम्ही बहीणभाऊ ओल्या डहाळ्यांनी ती आग झोडपत जळक्या गवताचा काळा पट्टा करत निघालो, तेव्हा त्यांनीही एक डहाळी मोडून घेतली. वणवा सरसर चढत आला, पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळालं नाही, तिथंच विझला. गंजी वाचली. परवा टीव्हीवर परदेशातला वणवा दाखवत होते, आणि बातम्या देणारी मुलगी वाऱ्याचा वेग सांगत होती. मालक खुर्चीतनं तिला म्हणाले, "वाऱ्याचं ऱ्हाऊ दे बाई, चढ कुठल्या बाजूला हाय ते सांग की."