ताईची काडीमोड

माझ्या थोरल्या बहिणीची काडीमोड गावच्या देवळासमोर झाली. आम्ही महादेव कोळी, खेडच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले. ताईला नवऱ्याने कधी मारलं नाही, टाकून बोलला नाही, पण दोघं एका घरात परक्यासारखी राहायची. शेवटी पंच बसले. त्यांतले सगळ्यांत वडीलधारे माझे चुलत आजोबा. त्यांनी वाळल्या गवताची एक काडी दोघांच्या हातात दिली. दोघांनी ती मोडली. आजोबा म्हणाले, "आता एकमेकांचं वाईट बोलायचं न्हाई."

ताई माझ्याकडे चाकणला आली आणि एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिथे तिची लातूरकडच्या एका विधुराशी ओळख झाली. शिफ्ट सुटली की तो तिला खोलीपर्यंत सोडायचा आणि दारातूनच मागे फिरायचा. चहाला थांबवलं तर लाजायचा. मला तो मनापासून आवडला.

दोघं लग्नाची नोंदणी करायला गेली, तर तिथे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम मागितला. ताई घाबरली. मी तिला एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी समजावलं, "आदिवासींची रूढी कायदा मानतो. फक्त ती कोर्टात सिद्ध करावी लागेल."

म्हणून आजोबा राजगुरुनगरच्या कोर्टात साक्षीला आले, धुतलेलं मुंडासं बांधून.

न्यायाधीशांनी विचारलं, "काडीमोड करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"कोणीच न्हाई, साहेब. लोकं येत्यात म्हणून आमी बसतो."

"बाईची इच्छा विचारली होती?"

"व्हय. पयल्यांदा तिलाच. आधी न्हवतो इचारत. माझ्या बहिणीला आमी न इचारता परत सासरी धाडली. ती पुन्हा कधी माहेरी आली न्हाई. तवापासनं इचारतो."

हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ताईने पदर तोंडाला लावला.

मग तिचा पहिला नवरा उभा राहिला. तो मुद्दाम गावाहून आला होता. एवढंच म्हणाला, "काडी मोडली, हे खरं हाय. तिचं चांगलं व्हावं."

निकाल ताईच्या बाजूने लागायला बरेच महिने गेले. आजोबा कुरकुरले, "आमी एका दुपारीत मोकळं केलं, ह्यांना केवढा येळ." पण नोंदणीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तेच येऊन बसले होते. नव्या जावयाला जवळ बसवून त्यांनी त्याच्या गावाकडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली. त्याचं मराठवाडी बोलणं त्यांना निम्मंच कळत होतं, तरी ते मान डोलावत राहिले.

गावात पंच अजून बसतात. कुणाची काडीमोड झाली की आजोबा दोघांना सांगतात, "आमचं झालं. आता वकीलबाईकडं जाऊन तिथंबी पक्कं करून घ्या." आणि जाणाऱ्याच्या हाती बाईंसाठी परसातला घेवडा देतात.