एका गाडीत न बसणारे दोघे

मौद्याच्या राइस मिलवर कामाला जायचं ठरलं, त्या सकाळी मी फाटकापाशी पोचून दोनदा परत फिरलो होतो. नदीवर अंघोळ केली होती, गावच्या मारुतीला हात जोडले होते, वाटभर नामस्मरण चालू होतं, तरी पाय पुढं पडत नव्हते. मी विशीतला, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. काम हवं होतं. पण आमच्या गावात या मिलविषयी एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जायची. मिलच्या ओसरीवर एक अडलेली बाई मेली, आणि ती अजून तिथंच फिरते.

तिसऱ्या खेपेला फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि कण्हणं ऐकू आलं. वाटलं, तीच बाई. पाहिलं तर एका बैलगाडीत बाई होती, जिवंत, कळा देत असलेली. शेजारी तांदळानं भरलेला ट्रक उभा होता आणि धोतराचा काचा मारलेले एक भरदार गृहस्थ ट्रकवर चढून स्वतः पोती खाली चिखलात लोटत होते. माझ्याकडं नजर जाताच ते म्हणाले, "उभा काहून राहिला गा? पोतं धर."

ते मिलचे मालक श्री. डोमाजी हटवार, आम्हा सर्वांचे आबाजी. माझी त्यांची पहिली ओळख ती एवढीच. ट्रक मोकळा झाला, त्यात गवत आणि वर गादी टाकली, आणि बाईला घेऊन तो नागपूरला निघाला. त्यांच्या पत्नी सौ. अंजनाबाई, म्हणजे साऱ्या मौद्याच्या माय, तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या परतल्या, आई आणि बाळ सुखरूप असल्याचं सांगितलं, आणि मग कुठं मला विचारलं, "तू कोनाचा गा?" मी काट्यावर धान मोजायला लागलो. आज पन्नाशी जवळ आली, तरी तिथंच आहे.

ओसरीवरच्या बाईची खरी हकिकत मला पुढं कळली. माझ्या येण्याआधी आबाजी आणि माय दोघंही भंडाऱ्याला एका लग्नाला गेले होते. त्या दिवशी जवळच्या खेड्यातल्या कुंभाराची सून अडली म्हणून तिला मिलवर आणलं. ट्रक होता, ड्रायव्हर होता, हमाल होते. पण ट्रकमध्ये व्यापाऱ्याचा माल भरलेला. मालकाच्या हुकमाशिवाय मालाला हात लावायचा नाही, ही मिलची शिस्त. 'मालक येतीलच' म्हणत सगळे वाटेकडं डोळे लावून बसले. त्यातच ती गेली.

परत आल्यावर आबाजी कोणावरही रागावले नाहीत. ड्रायव्हर पायाशी पडला, तेव्हा त्याला उठवून म्हणाले, "तुले हुकूम पाहिजे होता, अन् मी तिकडं बुंदी खाऊन राहिलो होतो. चूक तुही नाही."

त्या दिवसापासून या नवराबायकोनं एक नेम धरला. दोघांनी एका वेळी मौदा सोडायचं नाही. एका गाडीत दोघांनी बसायचं नाही. हुकूम द्यायला कोणीतरी एक जागेवर पाहिजेच.

पुढं त्यांनी मिलचं एक गोदाम रिकामं करून तिथं प्रसूतिगृह काढलं. नागपूरहून मेश्राम सिस्टर आल्या. छपन्न साली दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म घेतला, अशा घरातल्या त्या. गावातल्या काही बाया नाकं मुरडू लागल्या. मायनी वाद घातला नाही. आपल्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं आणि मेश्राम सिस्टरांच्या स्वाधीन केलं. बाराव्या दिवशी नातू घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायांना म्हणू लागल्या, "पाहून घ्या वं. बोटंबिटं मोजा. काही कमी भरलं काय?" त्यानंतर खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत.

माझी मुलगीही तिथलीच. त्या दिवशी मी दाराबाहेर बसून जप करत होतो, आणि भीतीनं आवाज नकळत चढत होता. माय बाहेर आल्या. "तुह्या जपानं तिले जास्त भेव वाटून राहिलं. जाय, काट्यावर बस." मी गेलो. देवाचं नाव मनात घ्यायचं असतं, हे मला कोण्या बुवांनी नाही, मायनी शिकवलं.

या नेमापायी दोघांनी काय काय सोडलं, ते बाहेरच्यांना ठाऊक नाही. लेकीचं लग्न मिलच्या अंगणात केलं म्हणून ते तरी दोघांनी पाहिलं. मुलाचं लग्न नागपूरला होतं. वरातीसोबत आबाजी गेले आणि माय मौद्यात राहिल्या. मुलाच्या डोक्यावर आईच्या हातच्या अक्षता पडल्या नाहीत. लोक हसत, म्हणत, हटवारांच्या घरी नवराबायकोचं पटत नाही वाटते. मायच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पटते म्हून तं एकमेकाईच्या वाट्याचं लगन खाऊन येतो."

मला वाटे, ही माणसं कशाला भीत नाहीत. आणीबाणीच्या आदल्या पावसाळ्यात तो समज गेला. कन्हानचं पाणी पुलाला टेकलं होतं, आणि सिस्टर म्हणाल्या, या बाईला नागपूरला न्यावंच लागेल. माय तेव्हा नागपुरात होत्या. आबाजी पुलापर्यंत जाऊन पाणी पाहून आले आणि त्यांनी गाडी सोडायला सांगितली. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते काट्याच्या फळीवर येऊन बसले. मी चहा दिला, तर हातात कप ठरेना. मी बशीत ओतून दिला. माझ्या तोंडाकडं पाहत ते म्हणाले, "भेव मलेही लागते गा. पण इथं बसून मले एवढं लागते, तं गाडीतल्या बाईले किती लागत असन?"

गाडी पार झाली. पण त्या दिवसापासून मला हुकमाचीच धास्ती बसली. गाडी सोडली आणि पुलावर काही झालं तर? नाही सोडली आणि इथंच काही झालं तर? म्हणूनच, काही वर्षांपूर्वी आबाजींनी मला जवळ बसवून विचारलं, तेव्हा माझी बोबडी वळली. मायचे गुडघे धरू लागले होते. गडावर चढवतंय तोवर एकदा जोडीनं रामटेकला जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तो एक दिवस मी त्यांच्या जागी बसावं. माझा शब्द तो त्यांचा शब्द. मी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. दर कार्तिकात, रामटेकच्या जत्रेच्या वेळी, काही ना काही निघत गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एका वर्षी माय ओसरीच्या पायऱ्यासुद्धा भिंत धरून उतरताना दिसल्या, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या भीतीचं ओझं कोण वाहत होतं, ते दिसलं.

या कार्तिकात मीच जीप बोलावली. आबाजी आणि माय शेजारीशेजारी बसले तेव्हा दोघंही नव्या जोडप्यासारखे अवघडले होते. जीप निघणार, इतक्यात फाटकातून बैलगाडी आत आली. आबाजींचा पाय लगेच खाली आला. मी तो पाय धरला, नमस्काराला नव्हे, परत आत ठेवायला. म्हणालो, "आबाजी, तुम्ही निघा. मी हाओ इथं."

जीप गेली. सिस्टरांनी बाईला तपासलं आणि म्हणाल्या, नागपूर. बाईचा सासरा हात जोडून उभा. "मालक संध्याकाळी येतीन ना? तवर थांबू. त्याईले इचारून नेऊ."

  मनातल्या मनात नाव घेतलं. "कोनाले इचारायचं नाही, बुवा," मी म्हणालो. "गाडी काढा." मेश्राम सिस्टर बाईसोबत गेल्या. दुपारी नागपूरहून फोन येईस्तोवर मी त्या काळ्या पेटीसमोरून हललो नाही. मुलगा झाला होता. बाळंतीण शुद्धीवर होती. संध्याकाळी रामटेकचा प्रसाद हातावर ठेवत मायनी ती हकिकत ऐकली आणि एवढंच विचारलं, "जेवला काय गा?"

आबाजींना आता पंचाहत्तरावं लागलं. देवानं दोघांना एकमेकांच्या सोबतीनं भरपूर वर्षं द्यावीत, मायच्या गुडघ्यांना बळ द्यावं, आणि त्यांच्या हातून सुटलेली सगळी लग्नं, सगळ्या जत्रा आता जोडीनं घडाव्यात, हेच माझं मागणं आहे.

नागपूरला होणाऱ्या आबाजींच्या पंचाहत्तरीच्या सत्कार समारंभाला माझी अनुपस्थिती वाचकांनी समजून घ्यावी. दोघांपैकी कोण येणार, असं समितीनं विचारलं होतं. नेहमीप्रमाणे आबाजी एकाचंच नाव सांगणार होते. ते बोलायच्या आत मीच फोन उचलला आणि कळवलं, व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडा.