वैदेही आपटे, जिथे असाल तिथून

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग मला नीट सांगता येईल. हनिमूनला जाताना कुणाची बॅग हरवते, कुणाचा कॅमेरा हरवतो. माझी बायको हरवली. तीही महाबळेश्वरच्या धुक्यात वगैरे नाही. स्वारगेटला. घरापासून रिक्षाच्या कमीत कमी भाड्यात येईल एवढ्या अंतरावर.

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते आणि मी नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. फाइलचं नाव बदलायचं म्हणजे एक ओळ टाइप करायची, हे रोजचं काम. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी तितक्याच सफाईनं 'वैदेही' लिहून मोकळा झालो. सुजाता देवधरची वैदेही आपटे झाली. निदान मला तरी तसं वाटलं.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. "तू या बाकावर बस, मी जागा धरतो," म्हणून मी गाडीकडे पळालो, खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि परत आलो, तर बाक रिकामा.

गाडी सुटायला आलेली. त्यात सासऱ्यांनी निघताना माझे दोन्ही हात धरून "सांभाळा हं तिला" म्हटलेलं. त्यांना आता कुठल्या तोंडानं फोन करायचा? धावतच चौकशीची खिडकी गाठली.

"काय हरवलं?" आतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं.

"बायको."

"नाव?"

"वैदेही आपटे."

"वैदेही आपटे, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीपाशी या. आपले पती वाट पाहत आहेत." तीनदा पुकारा झाला. अख्खं स्टँड माझ्याकडे बघायला लागलं, बायको सोडून.

"भांडण झालंय का?"

"नाही हो, परवाच लग्न झालंय."

"मग नाव नवीन असेल."

"हो. मीच ठेवलं."

"त्यांना कळवलंय का?"

आता आली का पंचाईत? खरंच, कळवलं होतं का? मी तांदळावर लिहीत होतो तेव्हा फोटोग्राफर तिला "वहिनी, इकडे बघा" म्हणून ओरडत होता. घरात सगळे तिला सूनबाई नाहीतर वहिनी म्हणत. मी स्वतः 'अगं'च्या पुढे गेलो नव्हतो.

"माहेरच्या नावानं पुकारू?"

"पण आता ती सुजाता देवधर राहिली नाही ना."

"अहो, तुम्हाला नाव हवंय की बायको?"

'सुजाता देवधर' एवढंच पुकारून होतंय तोच ती धापा टाकत हजर. चेहरा पांढराफटक. "बाबा आलेत का? घरी सगळं बरं आहे ना?" आणि माझ्या पाठीमागे वडिलांना शोधायला लागली. तिकडे गाडी गेली, माझ्या रुमालासकट.

पुढच्या गाडीची वाट बघत बसलो. "तुम्हालाच शोधत त्या टोकाला गेले होते," ती म्हणाली. "तिथं आम्ही चार बायका त्या वैदेहीलाही शोधत होतो. तिचा नवरा बिचारा केव्हाचा पुकारतोय. सापडली का हो ती?"

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं 'वैदेही आपटे' असं दोनदा पुटपुटून बघितलं. मग पुढच्या गाडीनं आम्ही महाबळेश्वर गाठलं.

हॉटेलात मॅनेजरनं विचारलं, "बाईंचं नाव?"

शहाणा झालेला मी म्हणालो, "सुजाता." त्याच क्षणी, नवऱ्याचं मन राखायचं म्हणून, ती म्हणाली, "वैदेही."

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. "हनिमूनचंच बुकिंग ना आपलं?"

"हो."

"मग दुसऱ्या बाई मागून येतायत का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "नाही हो. त्या स्वारगेटलाच हरवल्या. यांनीच हरवल्या."

संसाराला इतकी वर्षं झाली, सुजाता मजेत आहे. वैदेहीचा पत्ता मला आजतागायत लागलेला नाही.