शंकरच्या हाताखालची दोन बटणं

शंकर गेल्याचं कळलं तेव्हा मी निपाणीत एका गिऱ्हाइकाकडं होतो. फोनवर शालनवहिनी, त्याची बायको. "भावजी, हे गेले. सवडीनं या, घाई न्हाय," एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. त्या आवाजात रडणं नव्हतं. मला त्याचं नवलही वाटलं नाही...

शंकर माझा मित्र आणि उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमधला भागीदार. आम्ही कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बांधून द्यायचो. यंत्रं चालवणारा कंट्रोलर म्हणजे दिसायला एक डबाच. बटणांच्या, सेन्सरच्या तारा एका बाजूनं त्यात शिरतात, ते इनपुट. दुसऱ्या बाजूनं मोटारीला, भोंग्याला हुकूम जातो, ते आउटपुट. प्रत्येक तारेपाशी एक बारीक दिवा असतो, त्यावरून आत काय चाललंय ते कळतं. संकेश्वरकडच्या साखर कारखान्यात यंत्र अडलं की शंकर नुसत्या त्या दिव्यांकडं बघून दोष कुठं आहे ते सांगायचा. हात सोन्याचा होता, जीभ मात्र विषारी. कामगारानं जोडलेली प्रत्येक तार तो ओढून बघायचा. एक जरी सुटली, तरी त्या कामगाराचं दिवसभराचं काम कटरनं कापून टाकायचा, आणि समोरचा रडकुंडीला आला की मिशीत हसायचा. मृत माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात, पण त्याच्याबद्दल चांगलंच लिहायचं तर अर्धा शंकर बाजूला ठेवावा लागेल.

सगळ्यात जास्त भोगलं ते वहिनींनी. शहापुरातल्या घरी बसून त्या तारांच्या टोकांना नंबर छापलेल्या बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या चढवून द्यायच्या. एकदा नंबर उलटे झाले, तर त्यानं नळ्यांची टोपली आमच्या सगळ्यांसमोर अंगणात पालथी केली आणि एकेक नळी त्यांच्याकडून वेचून घेतली. "डोळं हायत का बटणं गं ती?" असं विचारत तो वर उभा होता. घरात त्याला पाणी हवं असलं की तो हाक मारायचा नाही, फुलपात्र फरशीवर आपटायचा. वहिनी हातातलं टाकून धावायच्या.

मग अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात आणि मान तेवढी हलायची. मी एक जुना छोटा कंट्रोलर त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर बसवला, हाताखाली दोन बटणं दिली. पांढरं पाण्यासाठी, लाल दुखण्यासाठी. स्वयंपाकघरात भोंगा लावला, दोन्हींचा आवाज वेगळा. जोडताना माझ्याकडून दोन तारांची अदलाबदल झाली. शंकरनं लाल दाबलं, भलताच दिवा लागला, तसा तो खाटेवर हात आपटायला लागला, घशातून घरघर काढत. चूक सापडल्याचा आनंद होता तो. झटका आल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच खूश बघितलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो लाल बटण सारखं दाबत होता. इनपुटचा दिवा लागत होता, आउटपुटचाही लागत होता. भोंगा मात्र गप्प. मी जवळ जाऊन बघितलं तर आउटपुटला जोडलेली भोंग्याची तार काढलेली होती आणि तिच्या उघड्या टोकाला नीट टेप गुंडाळली होती. शंकरच्या शिस्तीप्रमाणं. समोरच्या दिव्यांवरून त्याला दोष अचूक कळत होता, आणि तो सांगायला जीभ नव्हती.

वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी देते, कूस बदलते, सगळं करते भावजी. पर आता माझ्या वेळंनं."

मी तार जोडून आलो. पुन्हा गेलो तर ती पुन्हा निघालेली, पुन्हा टेप. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, तेव्हा शंकरनं माझी बाही धरली आणि मान हलवली. नको. मी निघून गेल्यावर त्या घरात काय होईल, हे माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत होतं. त्याच्या डोळ्यांतली ती भीती मी ओळखली... आमच्या कामगारांच्या डोळ्यांत ती कितीदा बघितली होती.

त्यानंतर दोनच महिन्यांत तो गेला. शेवटी त्यानं कुठलं बटण दाबलं, दाबलं की नाही, कुणालाच माहीत नाही. वहिनी तेव्हा परसात धुणं वाळत घालत होत्या.

परवा त्यांच्याकडं गेलो. खाट तशीच होती, गादी उन्हात घातलेली. कंट्रोलर चालूच होता आणि तार जागेवर जोडलेली होती. मी विचारलं, ही कधी जोडली? "ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी," वहिनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी थोडा वेळ खाटेच्या कडेला बसलो. मग, का कोण जाणे, पांढरं बटण दाबलं. आत भोंगा वाजला. भांडं पडल्याचा आवाज आला आणि वहिनी लगबगीनं दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, नजर खाटेवरच्या उशीच्या जागी, आणि हातात पाण्यानं भरलेलं फुलपात्र.