माउथपीसची फट

दुकानदाराने क्लॅरिनेटचा माउथपीस सपाट बाजूने काचेवर ठेवला आणि खालून कागदाची पातळ पट्टी सरकवली. पट्टी थोडी आत जाऊन अडली. "उतार इथपर्यंत आहे," तो म्हणाला. "टोकाशी पत्तीपुढे, म्हणजे फुंकल्यावर थरथरते त्या वेताच्या चिपेपुढे, फट किती राहते, ते वेगळं मोजायचं."

आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. कवळी बसवल्यापासून त्यांचा सूर फाटत होता, आणि या लग्नसराईत आपली जागा जाणार या धास्तीने त्यांनी घरात बोलणं टाकलं होतं. मोठ्या फटीला दातांचा आणि ओठांचा जोर जास्त लागतो, तरी त्यांचा हात मोठ्या फटीच्या माउथपीसकडेच गेला, कारण त्याचा आवाज लांब जातो.

"दात कवळीचे आणि फट तरण्याची," मी म्हटलं. "लहान घ्या."

मी चौथी शिकलेली. पण जात्याचे दगड एकमेकांना चिकटले तर पीठ पडत नाही आणि फार उचलले तर भरडा पडतो, एवढं मला कळतं. मधली जागा बेताची लागते. तो बेत वयाबरोबर बदलतो, हे मात्र माणूस लवकर कबूल करत नाही. मीही चष्मा दोन वर्षं उशिरानेच घेतला.

यांनी लहान फटीचा लावला आणि अख्खं गाणं न अडखळता वाजवलं. आवाज बारीक होता, पण फाटला नाही.

"वरातीत मागच्यांना ऐकू जायचं नाही," ते म्हणाले.

"मागच्यांनी पुढे यावं," मी म्हटलं, आणि दुकानदाराला तोच बांधून द्यायला सांगितला.