पोराच्या वजनाचा मासा

समस्त लहानथोरांस, विशेषतः कृष्णेच्या काठी गळ टाकून सावलीत पेंगणाऱ्या सर्व सद्गृहस्थांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, महायुद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात, अधिक महिन्याच्या अमावास्येला, ऐन दुपारी, कुंडलच्या अलीकडच्या एका गावात, एका सातारकर कारकुनाच्या मासेमारीचा निकाल भर अंगणात लागला. कामकाजास सासू, सासरे, बायको, तान्हं मूल आणि एक मासा एवढे हजर होते. पैकी मासा मेलेला होता. कारकून मी. माझी अवस्थाही माशाहून फारशी बरी नव्हती.

त्या काळी मी तिशीचा होतो आणि साताऱ्याच्या एका कचेरीत नकला उतरवत होतो. कचेरी सुटली की तळं, सुटी आली की नदी. गळ टाकून मासे धरणं ही एक विद्या आहे आणि ती साऱ्या जिल्ह्यात एकट्या मला येते, असं माझं प्रामाणिक मत होतं. जाळं टाकणारे मला केरसुणीने चित्र काढणाऱ्यांसारखे वाटत. डोहात सुरुंगाची दारू उडवून मेलेले मासे वेचणाऱ्यांशी मी बोलतही नसे. राहता राहिले माझ्यासारखेच गळवाले. त्यांची मला सर्वांत जास्त कीव येई. मासा हा तर मुळातच मठ्ठ प्राणी. या मठ्ठ प्राण्याने दहातून नऊ वेळा मला रिकाम्या हाताने घरी पाठवलं, यावरून माझी अक्कल किती असेल ती वाचकांनी ठरवावी.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगा झाला, तीन महिन्यांचा झाला, तरी तिचा परत येण्याचा रंग दिसेना. मी दोन पत्रं टाकली. उत्तराला एक कार्ड आलं. ती चार यत्ता शिकलेली, अक्षर टपोरं. लिहिलं होतं, 'रविवारी आपण तळ्यावर असता. सणाला नदीवर असता. लेकरू आजारी पडले तर मी कोणाला हाक मारू? गळाला?'

कार्ड मी फाडलं आणि मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

तेवढ्यात अधिक महिना लागला. या महिन्यात जावयाचा मान असतो. सासुरवाडीला बोलावून त्याला तेहतीस अनारशांचं वाण देतात, दिव्याने ओवाळतात, तो कितीही नालायक असला तरी. मी साठलेली रजा काढली आणि गाडीत बसलो. हातात पोरासाठी टोपडं होतं आणि खांद्यावर काठी. बायकोने दारातून आधी काठी पाहिली.

"पोराला बघाय आलासा का नदीला?"

सासरे ओसरीवर बसले होते. मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार, आता उसाचे मालक. माझ्याकडे ते कवायतीत डावा-उजवा चुकणाऱ्या रंगरुटाकडे पाहावं तसे पाहत.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "कुणाला तमाकू, कुणाला पत्ते. ह्यांना गांडुळं."

आता मी नाटकी माणूस. मी ताठ उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मामा, या एका महिन्यात तुमच्या नातवाच्या वजनाचा मासा या अंगणात आणून टाकीन, तर नावाचा मी!"

बायको पोराला खांद्यावर थोपटत होती. थोपटणं थांबलं.

"बरं," ती म्हणाली. "आणलासा तर मी मुकाट्यानं साताऱ्याला येते, आन् ह्या काठीबद्दल जल्मात शब्द काढणार न्हाई. रविवारी एकली बशीन. न्हाई आणलासा तर काठी चुलीत घालायची, मग येते."

"कबूल!"

"आबा, तुमी साक्षीला हायसा."

लगेच पोराला तागडीत घातलं. सासूबाई आधी बिथरल्या, पोराला दृष्ट लागेल म्हणाल्या. पण दुसऱ्या पारड्यात गूळ आहे म्हटल्यावर तयार झाल्या, कारण नवसाची मुलं गुळानं तोलतातच. सहा शेर भरला. मी मनात हसलो. सहा शेरांचा मासा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

एक गोष्ट मात्र मी त्या आवेशात पार विसरलो. अधिक महिन्यात त्या घरात मासळीचा वासदेखील चालत नसे. ज्या महिन्यात खायचा नाही त्या महिन्यात मासा आणण्याची पैज साताऱ्याचा शिकलेला माणूसच लावू जाणे.

पहिला आठवडा गावाखालच्या डोहात गेला. उन्हाने नदी आटली होती. जिथे पाणी होतं तिथे म्हशी होत्या आणि जिथे म्हशी नव्हत्या तिथे गुडघाभर चिखल. एका कासवाने माझा गळ, शिसं आणि मोरपिसाचा तरंगा एका झटक्यात नेला. उरलेल्या दिवसांत बोटभर लांबीचे मासे मिळाले. ते घरात न्यायची सोय नव्हती, म्हणून मी ते नावाड्याला देऊ लागलो. तिसऱ्या दिवशी त्याने हात जोडले.

"पाव्हणं, माफी करा. एवढ्याशासाठी मिरची वाटाय बायकू तयार न्हाई."

सासरे रोज सायंकाळी विचारत, "काय जावाईबापू, आज किती रतल?" आणि उत्तराची वाट न पाहता गुळण्या करायला जात.

दुसऱ्या आठवड्यात मी माधवनगरकडच्या एका तळ्यावर गेलो. तिथे गिरणीतले लोक सुटीच्या दिवशी गळ टाकून बसत. इतके मूर्ख एका काठावर रांगेने बसलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. एकजण कणकेत हिंग मळत होता. दुसरा प्रत्येक गांडुळावर तीनदा थुंकत होता. तिसऱ्याचं म्हणणं असं, की मासा माणसाच्या सावलीला ओळखतो, म्हणून तो पाण्याकडे पाठ करून बसला होता आणि तरंग्याकडे पाहायला त्याने शेजारी बायको बसवली होती. मी कोणाशी न बोलता गळ टाकला, आणि काय सांगू, त्या दिवशी मला यश आलं! अकरा मासे! त्या तळ्यावर एका दिवसात अकरा कोणी काढले नव्हते. सगळे भोवती जमले. अकराही मासे मिळून दोन शेरांच्या वर नव्हते. मी पैज सांगितली तेव्हा हिंगवाला पोट धरून हसला.

"मग रडतासा कशाला? एकाला एक शिवून घ्या की! आमच्या गिरणीत सूत कमी हाय व्हय?"

तिसऱ्या आठवड्यात मी सांगलीला गेलो आणि घाटावर उभा राहून खरोखर थक्क झालो. पायऱ्यांशी मासे होते, माझ्या पोराहून मोठे! आंघोळीला येणारे लोक त्यांना चुरमुरे टाकत होते आणि ते लठ्ठ सावकारांसारखे तोंडं उघडून आळसाने खात होते. मला रात्रंदिवस हवा असलेला ऐवज तिथे वीतभर पाण्यात लोळत होता. माझा हात आपोआप पिशवीकडे गेला. लुगडं पिळणारी एक म्हातारी माझ्याकडे पाहतच होती.

"आवं, ते देवाचं हायती. धरायचंच असंल तर डोळ्यानं धरा."

मी घाटापासून पुष्कळ खाली जाऊन बसलो. दुपारी काठी अशी वाकली, की मी गुडघ्यावर आलो. काहीतरी दांडगं होतं. ते नदीच्या मधोमध गेलं, तिथे थोडा विचार केला आणि निघून गेलं. दोरा गुंडाळला तर गळ सरळ झालेला. लढाईमुळे विलायती गळ मिळत नव्हते, म्हणून सोनाराकडून सुया वाकवून घेतल्या होत्या. त्या माशाने माझी सुई मला परत केली होती, कपडे शिवायला.

आणि या काळात घरी काय चाललं होतं? पोरगं वाढत होतं! सासूबाई रोज त्याला तेल चोळून न्हाऊ घालत. मनगटाला वळ्या पडल्या, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली. मी चुलीपाशी घुटमळलो की बायको पोराला पदराखाली घेई आणि माझ्याकडे पाहून म्हणे, "पी माझ्या राजा, पी. तुझा बा नदीवर जातोय." स्वतःच्या मुलाला दूध पिताना पाहून पोटात गोळा येणारा बाप त्या पंचक्रोशीत मी एकटाच असेन. माझा मासा दिवसेंदिवस लहान होत होता आणि पोरगं हत्ती होत होतं.

पण तिच्या चेहऱ्याकडे मी एकदा नीट पाहिलं. दुपारी पोर झोपलं होतं आणि ती माझी काठी भिंतीपासून उचलून हातात धरून उभी होती. मोडेल की काय म्हणून मी धावलो. तिने काठी जागेवर ठेवली.

"मोडत न्हाई मी," ती म्हणाली. "पैज हाय न्हवं."

अमावास्येचा दिवस उजाडला. वाण दुपारी होतं. मी पहाटेच डोहावर गेलो, शेवटची सुई लावली आणि तिला एक बेडूक अडकवला. दिवस चांगला वर आला आणि शिवडा लागला. शिवडा म्हणजे खवले नसलेला, लांब मिशांचा, कानापर्यंत फाटलेल्या तोंडाचा मासा. दिसायला आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा. अर्धा तास मी त्याला खेळवलं म्हणायचं, खरं म्हणजे त्यानेच मला कमरेइतक्या पाण्यात नेऊन दोनदा पाडलं. शेवटी वाळूवर ओढला. आनंदाने मी एकटाच नाचलो.

मग उचलून पाहिला. पाच शेर. फार तर सव्वापाच. पोरगं आता सातांच्या पुढे होतं.

त्या वाळूवर मी किती वेळ बसलो ते माहीत नाही. साऱ्या गळवाल्यांना हसणारा, त्या विद्येचा एकमेव पंडित असा जो मी, तो इकडेतिकडे पाहत होतो. नदीच्या पात्रात गुळगुळीत गोटे पडले होते. माशाचं तोंड मोठं होतं. पहिला गोटा गेला. दुसरा गेला. एकूण पाच गेले. पाचवा मी काठीच्या बुडाने आत सारला आणि जबड्याभोवती दोरा आवळून बांधला. मग खांद्यावर टाकून विजयी वीरासारखा गावातून आलो. बाया दारात आल्या. मी डावीकडे-उजवीकडे मान लववत होतो.

अंगणात सासूबाईंनी अडवलं.

"तागडीला हात लावशीला तर बघा! आज वाण हाय. त्या पारड्यात अनारशाचा गूळ तोललाय, त्यात ही घान ठेवतासा?"

"अहो पण पैज..."

"पैज गेली चुलीत! अधिकात मासं तोलतंय व्हय कुनी?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते माशाकडे पाहत होते. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत रंगरूट नव्हता.

"पोरीच्या हातात द्या," ते म्हणाले. "गुऱ्हाळात गुळाची ढेप ही हातानं उचलून सांगती, पावशेराचा फरक पडत न्हाई. गावाला ठावं हाय. मग आंघूळ करंल."

तिचा हात खोटं सांगत नाही हे मला ठाऊक होतं, पण तोंडाचं काय? एका शब्दात तिची सुटका होती. मासा हलका म्हणाली की काठी चुलीत, आणि कोण खातरी करणार? तिच्या जागी मी असतो तर मासा हातात येण्याआधीच हलका म्हणालो असतो.

तिने पोराला डाव्या हातावर घेतलं आणि उजवा हात पुढे केला. मी त्यावर शिवडा ठेवला. हात खाली गेला, मग सावरला. तिने डोळे मिटले. पोरगं माशाची मिशी ओढू लागलं. तिने पोराला थोडं वर-खाली केलं, मग माशाला.

"मासा जड हाय," ती म्हणाली.

"नीट बघ," सासरे म्हणाले.

"नीटच बघतीया, आबा. शेरभर तरी जड हाय. हरले मी." तिने डोळे उघडले. ते माझ्याकडे नव्हते, ओसरीच्या कोपऱ्यात होते, तिथे तिची पत्र्याची ट्रंक होती. "उद्या निघायचं तर आजच भरते. ह्याची अंगडी तेवढी वाळू द्या."

पोराने मिशी सोडली आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. ती तशीच उभी होती, एका हातावर लेकरू आणि एका हातावर मासा, आणि मासा कुठे ठेवायचा ते तिला सुचत नव्हतं. आता मी काहीतरी झकास बोलायला हवं होतं. भाषण मी वाटेत तयारही केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना, आणि जे तोंडातून निघालं ते शेजारच्या तीन घरांत ऐकू गेलं:

"अगं, टाक तो खाली! त्याच्या पोटात पाच गोटे आहेत!"