चुलीचे दगड

पायदळात चोवीस वर्षं काढली, सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो आणि कुवेत सिटीतल्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. रायफल गेली, शिट्टी आली. माझ्याच पलटणीतला हवालदार सहदेव गवस, सावंतवाडीकडचा, तिथे माझ्या हाताखाली गार्ड होता. कुवेतचं युद्ध संपून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

अकाउंट्समधले कुलकर्णी आणि हॉस्पिटलातला एक्स-रे टेक्निशियन शिंदे माझ्या मागेच लागले. "सुभेदारसाहेब, थंडी आहे तोवर आम्हाला एकदा डोंगरात न्या." डोंगर म्हणजे शहराच्या उत्तरेचा लांबलचक कडा. आपल्याकडे त्याला कुणी टेकडीही म्हणणार नाही. पण पायाखाली सुटी खडी, सावलीचं नाव नाही, पाठीवर दोन दिवसांचं पाणी आणि हाडं गोठवणारा वारा. कुलकर्णींनी उशी आणली होती. सहदेवने ती स्वतःच्या पाठीवरच्या पिठ्ठूत कोंबली.

०६३० ला पायथ्याशी ब्रीफिंग दिलं. सुरुंग काढलेली वाट रंगवलेल्या खुंट्यांमधून जाते, ती सोडायची नाही. आपल्या हातून पडली नसेल अशी कुठलीही वस्तू उचलायची नाही. ड्रायव्हर युसुफ एक वॉकीटॉकी घेऊन जीपपाशी राहिला, दुसरा माझ्याकडे.

दिवसभर कड्यावरून फिरून १५४० ला जीपच्या वरच्याच माथ्यावर मुक्कामाच्या जागी पोचलो. तंबू लागले. कुलकर्णी गारठून थरथरत होते, त्यांना चहा लवकर हवा होता. चोवीस वर्षं प्रत्येक कॅम्पवर जे बोललो तेच तोंडून गेलं.

"सहदेव, चुलीला तीन दगड."

"जी साब."

दगड हीसुद्धा वस्तूच असते आणि खुंट्यांच्या आत नुसती खडी आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्या आलं असेल, तरी तो बोलला नसता.

१५५५ ला स्फोट झाला. खुंट्यांपासून वीस पावलांवर. युद्धात विमानातून पडलेला, न फुटता राहिलेला एक लहानसा बॉम्ब दगडाखाली होता. मी सहदेवच्याच पावलांच्या ठशांवरून गेलो, शिंदेला तसंच मागे आणलं. सहदेवचा उजवा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. शिंदेने बेल्टने मांडी आवळली.

"युसुफ, एक घायल. अँब्युलन्स लाओ. ओव्हर."

"साब, फोन दूर है. चालीस मिनट. ओव्हर."

"भागो. आउट."

ब्लँकेटची झोळी करून त्याला उतरवायला लागलो. कुलकर्णी एकदाही थांबा म्हणाले नाहीत. अर्ध्या वाटेवर सहदेवने डोळे उघडले.

"साब, दोनच गावले. तिसरो रवलो."

१७१० ला तो गेला. खाली रस्ता दिसत होता.

कंपनीने जबाब टाइप करून ठेवला होता. गार्डने स्वतःहून वाट सोडली, एवढंच. त्याला कुणी पाठवलं होतं का, हे कुणी विचारलं नाही. कुलकर्णी आणि शिंदे माझ्याकडे बघत राहिले. मी सही केली. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, दुसरं कारण नाही. सियाचीनला कधी इतका भ्यालो नव्हतो.

पुढच्या सुटीत त्याच्या घरी गेलो. कंपनीने धाडलेला तो कागद त्याच्या बायकोने शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला होता.

"साहेब, हुकमाबाहेर त्येंनी कधी पाय टाकूक नाय. मगे वाट कित्याक सोडली?"

मी चहा संपवला आणि एसटी धरली.

वहिनी, वाट मी सोडायला लावली. हवालदार सहदेव गवस शेवटपर्यंत हुकमातच होता.